रणगाड्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती

रणगाडा-प्रतिकृती, प्रमाणबद्ध : युद्धात वापरलेल्या चिलखती वाहनाची ठरावीक प्रमाणात लहान केलेली व बाह्य तपशिलांसह घडवलेली प्रतिकृती. हिचे प्रत्येक माप मूळ वाहनाशी पडताळून पाहता येते. खेळण्यातला रणगाडा इथेच मागे पडतो. उत्तम प्रतिकृती सहसा ‘सेंच्युरियन’ किंवा ‘पॅटन’ अशा रणगाड्याच्या जातीची नसते, ती एका विशिष्ट वाहनाची आणि त्याच्या आयुष्यातल्या विशिष्ट दिवसाची असते.

प्रमाण : सर्वाधिक प्रचार १:३५ चा. तामिया या जपानी कंपनीने १९६१ मध्ये पँथर या जर्मन रणगाड्याचे किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) काढले. त्यात मोटर व बॅटऱ्या मावाव्यात म्हणून हल (रणगाड्याचे धड) जेवढा ठेवावा लागला, त्याचे प्रमाण जवळपास १:३५ भरले. इतर कंपन्यांनी तेच उचलले. १:७२, १:७६, १:४८ व १:१६ हीही प्रमाणे चालतात. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना शत्रूची वाहने ओळखायला शिकवण्यासाठी १:१०८ च्या प्रतिकृती वापरल्या गेल्या.

मूळ वाहने : महाराष्ट्रातल्या कारागिराला एक मोठी सोय आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने फेब्रुवारी १९९४ मध्ये कॅव्हलरी टँक म्युझियम उभारले. तेथे सुमारे ५० वाहने आहेत. रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती मोटार त्यांत सर्वांत जुनी. शिवाय माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपानी हा-गो, पॅटन, सेंच्युरियन आणि आवडी येथे बनलेला विजयंता. विदर्भातल्या उमरखेडहून हे ठिकाण सरळ रेषेतच तीनशे किलोमीटरच्या पलीकडे पडते, तरी परदेशी पुस्तकांतल्या आराखड्यांवर हजारो रुपये घालण्याआधी ही एक फेरी करावी, असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे. चिलखताच्या कडेची जाडी, वेल्डिंगचा पोत, ओतीव टरेटचा (तोफेच्या फिरत्या बुरुजाचा) खडबडीतपणा या गोष्टी छायाचित्रात सपाट होतात. वाहनाभोवती एक फेरी मारली की त्या डोळ्यांत बसतात.

मात्र उघड्यावर उभे असलेले वाहन कशाबद्दल पुरावा देते आणि कशाबद्दल देत नाही, हे ओळखणे या कामातला खरा विवेक आहे. आकार, जोड, खिळे, बिजागऱ्या यांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा. रंगावर ठेवू नये. संग्रहालयातल्या वाहनांवर ऊन-पावसापासून बचावासाठी रंगाचे हात पुन्हा पुन्हा दिलेले असतात. त्या थरांनी कडा गोल होतात, बोधचिन्हे नव्याने काढली जातात, पेरिस्कोप, अवजारांचे पट्टे, दिव्यांच्या काचा अशा सुट्या वस्तू गळालेल्या असतात. रंग आणि बोधचिन्हे यांसाठी युद्धकालीन छायाचित्र हाच आधार. दोन्ही पुरावे एकमेकांवर तपासल्याशिवाय चाकू हातात घेऊ नये.

फामागुस्ता : मराठी कारागिराने करावी अशी एक प्रतिकृती निवडायची तर ती ‘फामागुस्ता’ची. पूना हॉर्स (१७ हॉर्स) या रेजिमेंटचा हा सेंच्युरियन रणगाडा. रेजिमेंटचा आरंभ १८१७ च्या पूना ऑक्झिलिअरी हॉर्सपासून धरला जातो. १६ डिसेंबर १९७१ रोजी, भारत-पाक युद्धात, शकरगड भागात, बसंतर नदीजवळच्या लढाईत, सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल या रणगाड्यात होते. त्यांचा जन्म १९५० सालचा, पुण्यातला. रणगाड्याला गोळा लागून आग लागली, मागे येण्याचा आदेश मिळाला. तोफ चालू आहे, या कारणाने त्यांनी तो मानला नाही. पुढच्या आघातात ते ठार झाले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. त्यांनी किती रणगाडे निकामी केले याचे आकडे वृत्तांतागणिक बदलतात. रणगाडा पाकिस्तानच्या हाती पडला, नंतर परत मिळाला आणि दुरुस्त होऊन अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन झाला. त्याचा नोंदणी-क्रमांक जेएक्स २०२ असा दिला जातो.

प्रतिकृतीच्या दृष्टीने यातून पेच उभा राहतो. आज दिसणारा फामागुस्ता दुरुस्त केलेला आहे; १६ डिसेंबरच्या सकाळचा तो नव्हे. सकाळचा, आघातानंतरचा की जतन केलेला, हे आधी ठरवावे लागते, आणि एकदा ठरल्यावर तिन्हींचे तपशील एकत्र करता येत नाहीत.

बांधणी : सेंच्युरियनचा हल सुमारे ७.६ मीटर लांब व ३.४ मीटर रुंद. म्हणजे १:३५ मध्ये साधारण २१.७ सेंटिमीटर बाय ९.७ सेंटिमीटर. १९६५ मधील भारतीय सेंच्युरियनवर २० पौंडी तोफ होती. तिचा व्यास ८४ मिलिमीटर. प्रतिकृतीत ते भोक २.४ मिलिमीटरचे होते आणि हातातल्या बारीक ड्रिलने ते मधोमध पाडणे हीच पहिली परीक्षा. याच तोफेच्या नळ्या दोन प्रकारच्या होत्या : एकीवर मध्यभागी धूर खेचून घेणारा फुगीर भाग आहे, दुसरीवर नाही. नळी चुकली तर बाकीचे काम कितीही सुबक असो, जाणकाराची नजर तिथेच अडते.

किट पॉलिस्टायरीनचे असते. त्याचा पातळ सिमेंट हा नेहमीच्या अर्थाने गोंद नव्हे. तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. प्लास्टिकची खरी मर्यादा जाडीची. साच्यातून निघालेला एक मिलिमीटर जाड मडगार्ड मूळ मापात साडेतीन सेंटिमीटरचा होतो, इतके जाड मडगार्ड कोणत्याही वाहनाला नसतात. म्हणून तिथे ०.१५ मिलिमीटर जाडीचा फोटोएच (रसायनाने कोरलेला) पितळी पत्रा बसवतात. मूळ मापात तो पाच मिलिमीटरच्या आसपास येतो. इंजिनावरच्या जाळ्या, सामानाच्या पेट्यांची कड, पट्ट्यांवरचे बाजूचे पत्रे यांसाठी हाच उपाय. या पत्र्यांना थोडी पोच पडलेली दाखवली की वाहन वापरातले वाटते.

ओतीव पोलादाचा पोत आणायला फिलर पातळ सिमेंटमध्ये कालवून आखूड केसांच्या ब्रशने ठोकत लावतात. वाळल्यावर सँडपेपरचा हलका हात. सपाट पत्र्यांच्या हलवर मात्र हे करू नये : सेंच्युरियनचा हल जोडलेल्या पत्र्यांचा, टरेट मुख्यतः ओतीव. वेल्डिंगची रेघ करण्यासाठी किटच्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून ताणतात. निघालेली केसाएवढी तार सांध्यावर ठेवून सिमेंटने मऊ करतात आणि पात्याच्या टोकाने जवळजवळ खुणा दाबत जातात. हीच ताणलेली तार अँटेनालाही चालते.

पट्टे : सेंच्युरियनला प्रत्येक बाजूला सहा भारचाके, दोन-दोनच्या तीन जोड्यांत, ओढणारे दातेरी चाक मागे. कड्यांचे सुटे पट्टे एकेक जोडून केले तर वरच्या बाजूस पट्ट्याला पडणारा झोल खरा दिसतो.

रंग : भारतीय सेंच्युरियन हिरवे होते, यावर वाद नाही. कोणता हिरवा, यावर आहे. ब्रिटिश सैन्यात हे रणगाडे डीप ब्रॉन्झ ग्रीन या गडद छटेत होते. भारतात पुन्हा रंगवताना कोणती छटा आली हे कृष्णधवल छायाचित्रांवरून ठरत नाही. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच काळा दिसतो, म्हणून तो थोडा फिका करावा असे पुष्कळांचे म्हणणे आहे. काही जण ते मुळीच मानत नाहीत. नोंदकार पहिल्या पक्षाचा आहे.

कामाचा क्रम असा : प्रायमर, मूळ छटा, उन्हाने फिकटलेल्या जागांसाठी पातळ फवारे, चकचकीत वॉर्निश, डेकल (चिकटवायची छापील बोधचिन्हे), खाचांत गडद वॉश (पातळ रंगाचा हात), शेवटी धूळ. विदर्भात यातला एअरब्रशचा भाग ऋतू पाहून करावा. उमरखेडकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ॲक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो आणि पृष्ठभागावर पोहोचेपर्यंत थेंबाची भुकटी होते. रंगात रिटार्डर (वाळणे लांबवणारे द्रव्य) घालून पहाटे काम करावे. पावसाळ्यात लॅकरवर पांढुरकी झाक येते. ज्वालाग्राही द्रव्ये टपालाने पाठवता येत नाहीत, त्यामुळे लहान गावातल्या माणसाला पाण्यातले ॲक्रिलिक रंगच अधिक सोयीचे.

धूळ : घराजवळची माती चाळून वापरण्याचा मोह टाळावा. पैनगंगेच्या खोऱ्यातली काळी कापसाची जमीन आणि बसंतरकाठची फिकट गाळाची जमीन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चाकांवरची माती लढाईच्या जागेची हवी. वाळलेली धूळ फिकट व वरच्या भागांवर, ओला चिखल गडद व पट्ट्यांच्या खाचांत. दोन्हींना एकच छटा दिल्याने बरीच चांगली कामे वाया जातात.

पॅटन : १९६५ च्या भारत-पाक युद्धात खेमकरण-असल उत्तर येथे हाती आलेले पाकिस्तानी पॅटन देशभर छावण्यांत व चौकांत विजयचिन्हे म्हणून ठेवले गेले. नष्ट व हस्तगत रणगाड्यांच्या संख्येबाबत दोन्ही देशांचे दावे जुळत नाहीत. पॅटनचा (एम४८) हल ओतीव असल्याने पोताचे काम सेंच्युरियनपेक्षा जास्त.

चाकांची चिलखती वाहने : सिल्व्हर घोस्टची किट मिळतात.

दृश्यखंड : जमीन, झाडे व माणसांसह केलेली मांडणी. लष्करातले वाळूचे सँड मॉडेल यापासून वेगळे. ते कारवाई समजावण्यासाठी असते, त्यात प्रमाणाची इतकी सक्ती नसते.

संघटना : इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झाली.

त्रिमितीय छपाई : पेरिस्कोप, अवजारांचे पट्टे, भारतीय बनावटीच्या सामानपेट्या असे किटमध्ये नसलेले भाग आता रेझिनमध्ये छापून घेता येतात. मात्र छपाईसाठी आधी माप लागते आणि भारतीय सैन्याने सेंच्युरियनवर केलेल्या स्थानिक बदलांची मापे परदेशी आराखड्यांत सापडत नाहीत. ती मूळ वाहनासमोर उभे राहून, पट्टी छायाचित्रात धरून, संग्रहालयाच्या परवानगीने घ्यावी लागतात.