फ्लाइट सिम्युलेटर : भात्यापासून व्ही-वनपर्यंत

फ्लाइट सिम्युलेटरचा जन्म ऑर्गन आणि पियानोच्या कारखान्यात झाला. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याच्या वडिलांचा हा कारखाना होता. १९२० साली एडविनने विमानविद्येच्या पहिल्या धड्यासाठी ५० डॉलर मोजले, पण त्या धड्यात त्याला नियंत्रणांना हातही लावू दिला गेला नाही. इतके महाग शिक्षण जमिनीवरच देता आले तर, या विचाराने त्याने कारखान्याच्या तळघरात खटपट सुरू केली आणि १९२९ साली त्याचे यंत्र उभे राहिले. पेटीत असतो तसा भाता ऑर्गनमध्येही असतो. असे भाते त्याने छोट्या लाकडी विमानाखाली बसवले. दांडा हलवला की झडप उघडे, एका अंगाचा भाता आकसे आणि विमान त्या बाजूला कलंडे.

याआधीही प्रयत्न झाले होते. १९१०च्या सुमारास फ्रान्समध्ये अँत्वानेत विमानांच्या शिक्षणासाठी अर्ध्या पिंपांचे एक उपकरण वापरत. त्यात शिकाऊ वैमानिक बसे आणि बाहेरची माणसे ते हातांनी कलंडवत. लिंकच्या यंत्राला माणसांची गरज नव्हती, तरी त्याची सुरुवातीची गिऱ्हाइके जत्रेतली आणि करमणूक-बागांतलीच होती.

१९३४ साली चित्र पालटले. अमेरिकी सरकारने टपाल वाहण्याचे काम लष्करी वैमानिकांकडे सोपवले. रात्री आणि धुक्यात केवळ उपकरणांवर नजर ठेवून उडण्याची त्यांना सवय नव्हती. काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक मेले. त्याच सुमारास लिंक दाट धुक्यातून स्वतः विमान चालवत नेवार्कला लष्करी अधिकाऱ्यांच्या भेटीला पोहोचला. यंत्राची याहून चांगली जाहिरात शक्य नव्हती. लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरला सहा यंत्रे घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे दहा हजार यंत्रे बनली आणि पाच लाखांच्या आसपास लोक त्यांवर शिकले.

‘निळे खोके’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रावर झाकण ओढले की आत फक्त काटे आणि तबकड्या उरत. बाहेर टेबलावर नकाशा पसरलेला असे आणि त्यावर ‘खेकडा’ नावाचे तीन चाकांचे उपकरण शाईने शिकाऊ वैमानिकाचा मार्ग रेखत जाई. वळण चुकले तर ते रेघेत दिसे. म्हणजे उपयोगी ठरलेल्या पहिल्या सिम्युलेटरमध्ये आकाश दिसतच नव्हते. सिम्युलेटरची पारख करताना आजही चित्राआधी आकडे पाहावेत ते याच कारणासाठी.

युद्धानंतर आकडे वाढले आणि भाते अपुरे पडले. १९४८ साली पॅन अमेरिकन कंपनीने बोईंग स्ट्रॅटोक्रूझरसाठी घेतलेला सिम्युलेटर जागचा हलत नव्हता. त्याची सारी मदार विद्युत-गणकांवर होती. त्याआधी १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने एमआयटी या संस्थेला एक सर्वसमावेशक सिम्युलेटर मागितला होता. विमानाची समीकरणे क्षणोक्षणी सोडवायची तर वेगवान गणकयंत्र हवे, म्हणून जे फॉरेस्टर आणि त्याचे सहकारी ते बनवायला बसले. त्यातून ‘व्हर्लविंड’ हा डिजिटल संगणक निघाला, चुंबकीय कड्यांची स्मृती निघाली. कॉकपिट मात्र बाजूलाच पडले.

घरच्या संगणकावर विमान आणले ब्रूस आर्टविकने. इलिनॉय विद्यापीठात १९७५ साली लिहिलेल्या प्रबंधात त्याने संगणकाने रेखलेले उड्डाणदृश्य मांडले. पुढे त्याच्या सबलॉजिक कंपनीने अ‍ॅपल टू संगणकासाठी सिम्युलेटर काढला. त्यात जमीन म्हणजे रेघांची जाळी होती. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयबीएम पीसीसाठी त्याची सुधारित आवृत्ती बाजारात आणली. आरंभीचा विमानतळ होता शिकागोच्या तळ्याकाठचा मेग्ज फील्ड. त्या काळी एखादा पीसी आयबीएमशी खरोखर जुळतो का हे तपासायला लोक त्यावर हा सिम्युलेटर चालवून पाहत. खऱ्या मेग्जची धावपट्टी २००३ साली एका रात्रीत बुलडोझरने उखडली गेली.

पहिल्या आवृत्तीनंतर जॉयस्टिक, योक, पेडल आली, ग्राफिक कार्डे आली, आणि मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत उपग्रह व हवाई छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी राहिली. ऑस्टिन मेयरच्या एक्स-प्लेनने दुसरी वाट धरली. तो पंखाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावरचे बल काढतो आणि त्यांची बेरीज करतो.

सिम्युलेटरमधल्या प्रवासी विमानाचा खरेपणा टेकऑफला सर्वाधिक कसाला लागतो. धावपट्टीवर तीन वेग महत्त्वाचे. पहिला व्ही-वन : त्याआधी इंजिन बंद पडले तर थांबायचे, नंतर पडले तर उडायचेच. दुसरा व्ही-आर, नाक उचलण्याचा. तिसरा व्ही-टू, एक इंजिन गेले तरी सुरक्षित चढता येईल असा. धावपट्टीच्या पृष्ठभागापासून ३५ फूट उंची गाठेपर्यंत तो हाती आलेला असावा लागतो. हे वेग प्रत्येक उड्डाणाला वजन, तापमान, वारा, फ्लॅप आणि धावपट्टीची लांबी यांवरून नव्याने काढतात.

बोईंग ७३७-८०० चे कमाल उड्डाणवजन सुमारे ७९ टन आहे. तेच विमान ५५ टनांचे असले तर गोष्ट निराळी. पंखाची उचल वेगाच्या वर्गाबरोबर वाढते, त्यामुळे ५५ वरून ७९ टनांवर जाताना त्याच फ्लॅपला वेग सुमारे २० टक्के जास्त लागतो. त्या वेगात थांबायची पाळी आली तर जिरवायची गतिज ऊर्जा दुपटीहून अधिक होते. त्यात उन्हाची भर. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर आहे, पण ४० अंशांच्या दुपारी तिथली हवा साधारण ५,४०० फुटांवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ असते. विरळ हवेत पंख कमी उचलतात आणि इंजिनेही कमी रेटतात.

याउलट विमान हलके आणि धावपट्टी लांब असेल, तर वैमानिक पूर्ण जोर लावत नाही. बाहेर ३० अंश असताना संगणकाला ५० अंश सांगायचे, म्हणजे इंजिन त्या उष्णतेला साजेसा कमी थ्रस्ट (रेटा) देते आणि त्याची झीज वाचते. बोईंगवाले याला ‘अझ्यूम्ड टेंपरेचर’ म्हणतात, एअरबसवाले ‘फ्लेक्स’. या पद्धतीने थ्रस्ट किती घटवायचा यालाही मर्यादा असते. घरच्या सिम्युलेटरवर अर्धी टाकी, रिकाम्या खुर्च्या आणि पूर्ण थ्रस्ट घेऊन विमान बाणासारखे सुटते, तेव्हा दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो; हे हिशेबच केलेले नसतात.

खऱ्या कॉकपिटमध्ये हा हिशेब चुकला की काय होते, ते २० मार्च २००९ रोजी मेलबर्नला दिसले. दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या ए३४०-५०० साठी हिशेबात ३६२.९ टन वजन धरायचे होते, धरले गेले २६२.९ टन. त्यामुळे वेग आणि थ्रस्ट दोन्ही कमी निघाले. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली आणि ते धावपट्टी संपल्यानंतर कसेबसे हवेत गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. म्हणून डेस्कवरच्या विमानातही आधी लोड-शीटवरचे वजन पाहावे, संगणकात तेच भरले आहे याची खातरजमा करावी आणि मगच व्ही-वन काढावा.