पत्त्यांची वही, इशाऱ्यांचं पान

29 ऑगस्ट 2023 रोजी कॅनडा सरकारने आपल्या नागरिकांसाठीच्या प्रवाससूचनांमध्ये अमेरिकेच्या पानावर एक मजकूर वाढवला. तिथल्या काही राज्यांनी समलिंगी आणि ट्रान्स लोकांना अडचणीचे ठरू शकतील असे कायदे केले आहेत, तेव्हा निघण्याआधी त्या त्या राज्याचे नियम पाहून घ्या, असा त्याचा आशय. भाषा अगदी सपक, सरकारी. तरी गवगवा झाला, कारण असे इशारे युगांडा किंवा इराणबद्दल वाचायची लोकांना सवय होती, शेजारच्या अमेरिकेबद्दल नव्हती.

आज परदेशातल्या प्राइड मिरवणुकीला निघालेला माणूस तिकीट काढण्याआधी असं एखादं पान उघडून बघतो. या पानाचे पूर्वज मात्र सरकारी नव्हते. ती होती खिशात मावणारी पुस्तकं, आणि सरकारच्याच नजरेपासून ती जपावी लागत.

बर्लिनपासून सुरुवात करता येईल. 1928 मध्ये रूथ मार्गारेटे रोएलिग या लेखिकेने शहरातल्या लेस्बियन स्त्रियांच्या क्लबांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना होती लैंगिकतेचे अभ्यासक डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांची. 1931 मध्ये कुर्ट मोरेकचं ‘बदफैली’ बर्लिनची वाट दाखवणारं पुस्तक आलं, त्यात बाहेरगावच्या पाहुण्याला कुठे कोण भेटेल याची माहिती होती. पुरुषांमधल्या संबंधांना शिक्षा देणारं कलम 175 तेव्हाही लागूच होतं, आणि पोलीस स्वतःच्या वेगळ्या याद्या ठेवत. 1933 मध्ये नाझी आले, अड्डे बंद झाले, पोलिसांच्या त्या याद्या नव्या मालकांना आयत्या मिळाल्या. हिर्शफेल्ड तेव्हा जगप्रवास करून युरोपात परतले होते. 1931 मध्ये ते भारतातही व्याख्यानं देऊन गेले होते. जर्मनीत मात्र त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. बर्लिनमधल्या आपल्या संशोधन संस्थेच्या ग्रंथालयाची नाझींनी केलेली होळी त्यांनी पॅरिसच्या एका चित्रपटगृहात, वार्तापटात पाहिली. दोन वर्षांनी नीसमध्ये ते वारले.

पत्त्यांच्या यादीला हा दोष जन्मजातच आहे. जी वाट मित्राला सापडते, ती वैऱ्यालाही सापडते.

अमेरिकेत अशा पुस्तकाचा एक नमुना आधीच होता. हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 1936 पासून काळ्या प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ काढलं, कारण कुठल्या गावात खोली मिळेल आणि कुठे मार पडेल हे रस्त्यावरच्या पाट्या सांगत नव्हत्या. समलिंगी पुरुषांसाठी तेच काम सॅन फ्रान्सिस्कोचे बारमालक बॉब डेमरन यांनी 1960 च्या दशकाच्या मध्यात हाती घेतलं. गावोगावच्या बारांचे पत्ते आणि त्यांपुढे खुणेची अक्षरं, इतकाच ऐवज. 1970 मध्ये ब्रिटनमधून ‘स्पार्टाकस’ आलं आणि ही वही जगभराची झाली.

या पुस्तकांत काही पत्त्यांपुढे ‘एवायओआर’ अशी चार इंग्रजी अक्षरं छापलेली असत. जायचं तर स्वतःच्या जबाबदारीवर जा, इथे मारहाण होऊ शकते किंवा पोलीस येऊ शकतात, असा त्यांचा अर्थ. मला ही खूण प्रामाणिक वाटते. धोका आहे म्हणून पत्ता गाळलेला नाही, आणि पत्ता दिला म्हणून धोका लपवलेला नाही. त्या गावात राहणारा माणूस बारा महिने स्वतःच्याच जबाबदारीवर तिथे जातो, ही गोष्ट तेवढी त्या अक्षरांत मावत नाही.

आणि मुक्कामाला पोचण्याआधी सीमा ओलांडावी लागते. अमेरिकेच्या 1952 च्या स्थलांतर कायद्यानुसार समलिंगी परदेशी माणसाला देशात प्रवेश नव्हता. अधिकाऱ्याला संशय आला की तो माणसाला सरकारी डॉक्टरकडे पाठवी, आणि डॉक्टर ‘मनोविकृत’ असल्याचा दाखला देई. जून 1979 मध्ये लंडनच्या ‘गे न्यूज’चे पत्रकार कार्ल हिल सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरले. निघाले होते त्या वर्षीच्या प्राइड मिरवणुकीचं वार्तांकन करायला. कोटावर प्राइडचा बिल्ला होता. अधिकाऱ्याने विचारलं, आणि हिल यांनी आपण समलिंगी आहोत असं सरळ सांगून टाकलं. त्यांना अडवण्यात आलं, प्रकरण कोर्टात गेलं. ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी जाहीर केलं की समलिंगी असणं हा आजार नव्हे, आमचे डॉक्टर यापुढे असले दाखले देणार नाहीत. कायदा तर होता, पण तो राबवायला लागणारा कागदच मिळेना. सरकारने मग पळवाट काढली. अधिकाऱ्यांनी कुणाला विचारायचं नाही, पण कुणी आपण होऊन, स्पष्ट शब्दांत कबूल केलंच तर अडवायचं.

म्हणजे शहाण्या प्रवाशासाठी सल्ला उघड होता: बिल्ला काढून बॅगेत ठेव आणि तोंड मिटून चाल. हिल यांनी तो मानला नाही. 1980 मध्ये ते पुन्हा आले आणि पुन्हा तेच बोलले. 1983 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ती बंदी कायद्यातूनच निघायला 1990 उजाडलं.

तोवर दुसरं दार बंद झालं होतं. 1987 पासून एचआयव्हीबाधित परदेशी माणसाला अमेरिकेत येण्याची मनाई होती. 1989 मध्ये हान्स पॉल फेरहूफ हे डच कार्यकर्ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेला निघाले असताना मिनियापोलिसच्या विमानतळावर त्यांच्या सामानात एचआयव्हीवरचं एझेडटी हे औषध सापडलं, आणि त्यांना कोठडीत ठेवलं गेलं. ती मनाई 2010 पर्यंत टिकली.

युरोपात धोका विमानतळाबाहेर, रस्त्यावर होता. मॉस्कोत 2006 च्या बंदी घातलेल्या प्राइडला गेलेले जर्मन खासदार फोल्कर बेक यांना मारहाण झाली. बेलग्रेडमध्ये ऑक्टोबर 2010 मध्ये हजारेक लोकांची मिरवणूक पार पडावी म्हणून पाच हजारांहून जास्त पोलीस उतरवावे लागले, तरी शहरात दंगल झालीच. पुढची तीन वर्षं परवानगीच मिळाली नाही. 25 जून 2022 च्या पहाटे ओस्लोच्या एका समलिंगी बारजवळ गोळीबारात दोघांचा जीव गेला. त्या दिवशीची मिरवणूक पोलिसांच्या सल्ल्याने रद्द झाली, तरी लोक आपणहून रस्त्यावर आले आणि चालले. मे 2024 मध्ये अमेरिकेने जगभरातल्या आपल्या नागरिकांसाठी काढलेल्या सावधगिरीच्या सूचनेत प्राइडसारखे कार्यक्रम दहशतवाद्यांचं लक्ष्य ठरू शकतात असा उल्लेख केला. अशा वेळी ‘सावध रहा’ याचा व्यवहारातला अर्थ ‘घरी बसा’ यापेक्षा फार वेगळा उरत नाही.

छापील वही मधल्या काळात मागे पडली आणि मोबाइल तिच्या जागी आला. यादीचा जुना दोषही त्यात उतरला. 2014 मध्ये समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठींसाठीच्या ग्राइंडर या अॅपवर समोरचा माणूस किती अंतरावर आहे त्यावरून त्याचा ठावठिकाणा काढता येतो हे उघड झालं. इजिप्तमध्ये पोलीस खोटी ओळख घेऊन सावज गाठतात असे इशारे तेव्हा त्याच अॅपवर दिले गेले, आणि काही देशांत अंतर दाखवणं बंद केलं गेलं.

‘स्पार्टाकस’ आता देशांना क्रमांक देतं. त्यात 2019 मध्ये भारत 104 वरून 57 वर आला. कारण समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा 6 सप्टेंबर 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. डिसेंबर 2013 मधल्या त्याच न्यायालयाच्या उलट निकालापासून त्या दिवसापर्यंत जगाच्या नकाशावर अशा संबंधांना शिक्षा देणाऱ्या देशांना जो रंग देत, तो आपल्यालाही होता. तरीही मुंबईची प्राइड दरवर्षी निघत होती. ती 2008 पासून चालू आहे. सुरुवातीच्या वर्षांत त्यात काही जण मुखवटे लावून चालत. घरच्यांपासून लपण्यासाठीच, परदेशी पाहुण्यांना त्यांची गरज नव्हती.

2025 मध्ये वर्ल्डप्राइड ही जागतिक प्राइड वॉशिंग्टनला होती. जानेवारीत आलेल्या आदेशानंतर अमेरिकेचं सरकार जन्मावेळचं लिंगच मानू लागलं, आणि डेन्मार्क, फिनलंड, जर्मनीने आपल्या ट्रान्स नागरिकांना निघण्याआधी चौकशी करा असं सांगितलं. इगाल कॅनडा या संस्थेने जायचंच नाही असं ठरवलं. हिल यांच्या बिल्ल्याची जागा पासपोर्टावरच्या एका अक्षराने घेतली होती.

2025 च्याच जूनमध्ये बुडापेस्टला इशारा उलट दिशेने निघाला. हंगेरीने मार्चमध्ये प्राइडवर बंदीची सोय करणारा कायदा केला होता. सहभागींना दोन लाख फोरिंटपर्यंत दंड, आयोजकांना वर्षभरापर्यंत कैद, आणि चेहरे ओळखणारे कॅमेरे वापरायची पोलिसांना मुभा. एरवी दूतावास आपल्या नागरिकांना सावध करतात. इथे न्यायमंत्री बेन्त्से तुझोन यांनीच परदेशी दूतावासांना पत्र लिहून, बंदी असलेल्या कार्यक्रमात जाणं बेकायदा आहे, आपल्या कर्मचाऱ्यांना तशी समज द्या, असं कळवलं. महापौर गेर्गेय काराचोन्य यांनी प्राइड हा महापालिकेचाच कार्यक्रम असल्याचं जाहीर केलं. 28 जूनला लाखाच्या वर माणसं चालली, त्यांत युरोपीय संसदेचे कित्येक सदस्यही होते. जुलैमध्ये पोलिसांनी सहभागींवर कारवाई करणार नाही असं सांगितलं. पाहुणे तोवर आपापल्या देशी परतले होते. महापौरांना ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी संशयित म्हणून चौकशीला हजर व्हावं लागलं.