लपायचं, पण कुणापासून?

मागच्या भागानंतर एकाने विचारलं, 'डी अँड डी'मध्ये ऐन लढाईत लपता येतं का? ह्याच प्रश्नावरून आमच्या टेबलावर एकदा मैत्री तुटायची वेळ आली होती. म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

१९७४ च्या मूळ खेळात चोर नव्हताच. तो आला १९७५ मध्ये, 'ग्रेहॉक' पुरवणीतून. पहिल्या लेव्हलच्या चोराला सावलीत लपायची संधी किती? १० टक्के! समोर पेंगुळलेला पहारेकरी असो की टक्क जागा ड्रॅगन, तक्त्यातला आकडा तोच. चोर कसला, बिचारा!

२००० मध्ये तिसऱ्या आवृत्तीत लपणाऱ्याचा फासा आणि बघणाऱ्याचा फासा आमनेसामने आले. पण लपणं वेगळं, आवाज न करता चालणं वेगळं. २००८ मध्ये दोन्ही मिळून एकच 'स्टेल्थ' झालं. २०१४ च्या नियमांत लपून हल्ला केला, की दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. मात्र वार लागो वा हुको, तुमची जागा उघडी पडते.

आमचं वाजलं ते इथेच. माझ्या चोराने बाण मारला आणि तो त्याच खांबामागे परत लपला. मित्र भडकला, "अरे, गॉब्लिन आंधळा आहे का?"

लपण्याजोगी परिस्थिती आहे की नाही, ते नियमाने डीएमवर सोडलंय.

आणि डीएम तोच होता.