काम करण्याचा परवाना आणि राहण्याचा हक्क

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून द्यावे, अशी आपल्या मंडळाच्या कार्यवाहांची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आमच्या मनात कुलवृत्तान्ताचा विषय होता. परंतु गेल्या स्नेहसंमेलनात परदेशी निघालेल्या तरुणांस श्रीफळ देऊन निरोप देण्यात आला, त्या वेळी त्यांतील एकाने आम्हांस विचारले, "गुरुजी, तुम्ही इतिहास शिकविला. आता सांगा, कोणत्या देशाचा व्हिसा चांगला?" मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारे आयुष्य खेड्यातील शाळेत काढलेल्या माणसाने ह्या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? आम्ही हसून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच आहे, असे आम्हांस हळूहळू दिसू लागले. तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. परक्या देशाने आपणांस काम करू देणे ही एक गोष्ट, आणि राहू देणे ही दुसरी. आपल्या घरांत ह्या दोहोंस सरसकट 'व्हिसा मिळाला' असे म्हणतात, आणि पुष्कळांच्या दुःखाचे मूळ ह्या एका शब्दात दडलेले असते.

हा भेद नवा नव्हे. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांस मजूर मिळेनात, तेव्हा १८३४ पासून मॉरिशसला हिंदी मजूर कराराने नेण्यास आरंभ झाला. कलकत्ता व मद्रास ह्यांबरोबर मुंबई बंदरातूनही आगबोटी आणि गलबते निघाली, आणि त्यांतून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही त्या बेटावर गणेशोत्सव करतात. करार म्हणजे 'अ‍ॅग्रिमेंट'. मजुरांच्या तोंडी त्याचे 'गिरमिट' झाले. मुदत सामान्यतः पाच वर्षांची. तेवढा काळ मजूर एका धन्याशी बांधलेला. त्याचे वास्तव्य त्याच्या कामाच्या पोटात होते. काम संपले की पुढे काय, हा प्रश्न नाताळमध्ये ऐरणीवर आला. तेथे १८६० पासून गिरमिटिये गेले होते. करार संपवून जे तेथेच राहू इच्छीत, त्यांच्यावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला तीन पौंडांचा कर बसविण्यात आला. नव्या मजुराचे वेतन महिन्याला दहा शिलिंग. म्हणजे नुसते राहण्याची किंमत सहा महिन्यांची मजुरी! श्रम हवेत, पण श्रम करणारा माणूस शेजारी नको, असा तो न्याय होता. नामदार गोखले यांनी १९१० साली कायदे कौन्सिलात नाताळकडील मजूरभरती थांबविण्याचा ठराव मांडला व तो संमत झाला. १९१२ साली ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. पुढे गांधीजींच्या १९१३ च्या सत्याग्रहानंतर १९१४ मध्ये तो कर रद्द झाला.

कराराने न जाता स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्यांचा मार्ग तरी मोकळा होता काय? कॅनडाने १९०८ साली नियम केला की, परदेशी माणसाने जन्मभूमीतून थेट, कोठेही न थांबता आले पाहिजे. नियमात हिंदी माणसाचे नावही नव्हते. पण हिंदुस्थानातून तशी अखंड सफर घडविणारी बोटच नव्हती. १९१४ च्या मे महिन्यात 'कोमागाता मारू' ही बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हॅन्कूव्हरला पोहोचली. दोन महिने ती बंदरात नांगरून पडली आणि मूठभर लोक सोडून बाकी सर्वांस परत पाठविण्यात आले. ह्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी तेथील संसदेत क्षमा मागितली ती २०१६ साली, म्हणजे एकशे दोन वर्षांनी.

तिसरा धडा पूर्व आफ्रिकेचा. केनिया १९६३ च्या डिसेंबरात स्वतंत्र झाला. तेथील हिंदी कुटुंबांस नागरिकत्व घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. अनेकांनी ते न घेता ब्रिटिश पारपत्र जवळ ठेवले. १९६७ च्या कायद्याने नागरिक नसलेल्यांस कामासाठी परवाना आवश्यक झाला. लोक ब्रिटनकडे निघाले, तो १९६८ च्या मार्चमध्ये ब्रिटनने घाईने कायदा करून त्यांचा मुक्त प्रवेश बंद केला. हातात पारपत्र आहे, पण ते देणाऱ्या देशातच प्रवेशाचा हक्क नाही! युगांडातील बांधवांस तर १९७२ साली नव्वद दिवसांत देश सोडावा लागला. पिढ्यान्‌पिढ्यांची दुकाने, घरे तेथेच राहिली.

आता वर्तमानाकडे वळू. आज आपल्या घरांतील मुलांपुढे मुख्यत्वे चार दारे दिसतात.

पहिले आखाती देशांचे. तेथे काम लवकर मिळते व प्राप्तीवर कर नाही. परंतु वास्तव्य नोकरीच्या दोरीने बांधलेले असते. ह्या पद्धतीस 'कफाला' म्हणतात, आणि जामीन राहणारा धनी तो 'कफील'. अलीकडे काही गाठी सैल झाल्या आहेत : कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या धन्याच्या संमतीची अट काढली, सौदी अरेबियाने २०२१ मध्ये तशाच काही सुधारणा केल्या. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ पासून भांडवलदार व विशेष गुणवंत यांस दीर्घ मुदतीचे निवासपत्र देण्यास आरंभ केला आहे. तथापि सामान्य कामगार तेथे कितीही वर्षे राहिला तरी पाहुणाच असतो.

दुसरे अमेरिकेचे. १९१७ साली ते आपल्यास बंद झाले. १९४६ साली वर्षाला शंभर माणसांपुरते किलकिले झाले. १९६५ च्या कायद्याने खरे उघडले. १९९० पासूनच्या एच-वन-बी परवान्यासाठी अर्ज नोकरी देणारा करतो. मुदत सामान्यतः सहा वर्षे. नोकरी सुटल्यास दुसरा मार्ग शोधण्यासाठी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. कायम वास्तव्याच्या रांगेत नोकरीच्या आधारावर कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांस वर्षाला सात टक्क्यांहून अधिक वाटा सामान्यतः नाही. त्यामुळे आपल्या मुलांची प्रतीक्षा दशकांची होते. शिवाय नियम एका रात्रीत बदलतात : २०२५ च्या सप्टेंबरात देशाबाहेरील उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क लावल्याची घोषणा झाली.

तिसरे कॅनडाचे. ज्या देशाने बोट परतविली, त्यानेच १९६७ मध्ये वय, शिक्षण, भाषा व अनुभव ह्यांस गुण देऊन माणूस निवडण्याची पद्धत काढली. आम्हां शिक्षकांस ती विशेष समजते; कारण ती परीक्षाच आहे. तीत उत्तीर्ण झालेल्यास धन्याविनाही कायम वास्तव्याचा हक्क मिळू शकतो. मात्र पाच वर्षांत ७३० दिवस तेथे राहण्याचे बंधन आहे. आणि हक्क मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे.

चौथे जर्मनीचे. त्या देशाने १९५५ पासून इटली, तुर्कस्तान आदी देशांतून 'पाहुणे कामगार' आणले, ते काही वर्षांनी परत जातील ह्या समजुतीने. १९७३ साली भरती थांबली, तरी लक्षावधी लोक तेथेच राहिले, त्यांची मुले तेथे वाढली. त्या अनुभवातून शिकून आता तेथील 'ब्लू कार्ड' धारकास प्राथमिक जर्मन येत असल्यास २७ महिन्यांनी व अधिक चांगली येत असल्यास २१ महिन्यांनीही कायम निवासाचा अर्ज करता येतो. येथे भाषा हीच किल्ली आहे.

ह्या चारांत श्रेष्ठ कोणते, हे सर्वांस एकच असे सांगता येणार नाही. चार वर्षे कमवून बहिणीचे लग्न व घराचे कर्ज उरकून परत यावयाचे असेल, त्यास आखात योग्य ठरेल; संसार तेथेच मांडावयाचा असेल, त्याने तेथे अडकू नये. परंतु कोठेही जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. परवाना कोणाच्या हाती, माझ्या की धन्याच्या? नोकरी सुटली त्या दिवशी मी तेथे किती दिवस राहू शकतो? आणि पत्नी व मुलांस माझ्याबरोबर राहण्याचा व काम करण्याचा अधिकार आहे काय?

हे प्रश्न आम्ही ग्रंथांतून काढलेले नाहीत. २०१० च्या उन्हाळ्यात आमचा एक विद्यार्थी आखातातील नोकरीचा करार घेऊन आमच्याकडे आला. इंग्रजी कागद, गुरुजींनी वाचून सांगावा, ही त्याची श्रद्धा. आपल्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे मॅट्रिक न झालेल्या कामगारास अशा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते व त्याचा करार तपासला जातो. मॅट्रिक झालेल्यास ती लागत नाही. हा मुलगा आमच्याच हाताखाली शिकून पुढे मॅट्रिक झाला होता. म्हणजे सरकारी तपासणीतून तो सुटला, आणि तपासणी आमच्यावर आली. आम्ही पगाराचा आकडा पाहिला आणि "जा बाळ, कल्याण होईल," म्हणालो. रजेसाठी धन्याची लेखी संमती हवी, हे कलम दुसऱ्या पानावर होते. ते पान आम्ही उलटले नाही. पुढल्या हिवाळ्यात त्याची आई आजारी पडली. त्याचे पारपत्र धन्याच्या कपाटात होते. असे ठेवून घेणे तेथील कायद्यासही मान्य नाही, हे ना त्यास ठाऊक होते, ना आम्हांस. तो आला तेव्हा तेरावा होऊन गेला होता. त्याने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. नमस्कार केला आणि परत गेला.

म्हणून मंडळास आमची नम्र विनंती आहे. परदेशी जाणाऱ्यास श्रीफळ अवश्य द्यावे. परंतु त्यापूर्वी चार जाणत्या माणसांनी एकत्र बसून त्याचा करार व परवाना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाहावा. जे परदेशी राहून आले आहेत, त्यांनी ह्या कामी पुढे यावे. आम्हीही येऊन बसू. दृष्टी आता अधू झाली आहे, पण दुसरे पान उलटण्याइतकी ती अद्याप शाबूत आहे.