चार्ज दिला, रजा सुरू

गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरला गेलो. गाडीत सामान भरून झाल्यावर मी लॅपटॉपची बॅग सीटखाली सरकवली. वडिलांनी ती पाहिली आणि विचारले, "चार्ज दिला नाहीस का?" मला वाटले, बॅटरीबद्दल विचारताहेत. "फुल्ल आहे, बाबा," मी म्हणालो. ते नुसते हसले.

वडील बँकेत हेडकॅशियर होते. एलएफसी घेऊन आम्ही फिरायला निघायचो, तेव्हा आदल्या दिवशी त्यांना घरी यायला उशीर व्हायचा. रोकड मोजायची, तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हवाली करायच्या, रजिस्टरवर दोघांनी सह्या करायच्या. याला 'चार्ज देणे' म्हणत. त्या सहीनंतर बँकेत काय चालले आहे, याची काळजी दुसऱ्याची. त्यांच्या त्या प्रश्नामुळे मी रजेचा इतिहास चाळू लागलो.

आपल्याकडे त्याची सुरुवात गिरणीच्या दारात होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. आठवड्याची सुट्टी ही तिची एक मुख्य मागणी होती. १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टी मिळणे कठीण होते. पण मिळाल्यावर ती पाळली जाणे सोपे होते. माग काही कामगाराच्या पाठीवरून खोलीत येणार नव्हता.

पुढचा टप्पा भरपगारी रजेचा. १९३६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जिनिव्हात याविषयी करार संमत केला. एका वर्षाच्या नोकरीनंतर निदान सहा कामाचे दिवस पगारी सुट्टी, असा त्याचा गाभा. सुट्टीच्या काळात कोणी पगारी काम केले, तर त्याचा सुट्टीचा पगार रोखण्याची मुभाही त्यात देशोदेशीच्या कायद्यांना दिली होती. सुट्टी घेऊन दुसऱ्या मालकाकडे राबणारा माणूस तेव्हा डोळ्यांसमोर असावा. सुट्टीत आपल्याच मालकाचे काम करणारा कोणाच्या कल्पनेत असणे अवघडच होते. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. १९५६ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना प्रवास सवलत मिळाली आणि सहकुटुंब सहल ही चैन न राहता मध्यमवर्गाची रीत झाली.

कामासह थंड हवेच्या ठिकाणी जाण्याची प्रथा मात्र याहून जुनी आहे, आणि ती महाबळेश्वरचीच. गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, हे ठिकाण वसले. म्हणून त्याचे एक नाव माल्कमपेठ. पुढे मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला मुक्काम हलवी. पण तिला कोणी रजा म्हणत नसे. तिथे अख्खे दफ्तरच उघडपणे घाट चढत असे.

ते दफ्तर एका माणसाच्या हातात मावेल, अशी सोय १९८१ मध्ये झाली. अ‍ॅडम ऑसबर्न यांनी बाजारात आणलेला ऑसबर्न-१ हा संगणक सुमारे अकरा किलोंचा होता, त्याचा पडदा पाच इंची होता, आणि विमानातल्या सीटखाली तो मावे, हे त्याचे मोठे आकर्षण. ऑसबर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये त्यांचे निधन झाले तेही तिथल्याच कोडाईकनालला, एका थंड हवेच्या ठिकाणी!

कायदा आता या बॅगेच्या मागे धावतो आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या संपर्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे बंधनकारक झाले. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत याच हेतूने खासगी विधेयक मांडले.

हे सारे वाचताना मला वाटत राहिले की, आपण रजेचे दिवस मोजत आलो आणि ती सही विसरलो. माझ्या खात्यावर रजेचा एक दिवसही कमी झालेला नाही. ती जबाबदारी घेणारे दुसरे माणूस मात्र उरलेले नाही. लॅपटॉप नव्हता तेव्हा चार्ज द्यावाच लागे. आता द्यावा लागत नाही, म्हणून कोणी मागतही नाही.

महाबळेश्वरच्या शेवटच्या संध्याकाळी वडिलांना बॉम्बे पॉइंटवरून सूर्यास्त पाहायचा होता. लग्नानंतर ते आणि आई तिथे गेले होते. "दहाच मिनिटं, बाबा," असे सांगून मी कॉलवर बसलो. ते बूट घालून व्हरांड्यात थांबले. कॉल संपला तेव्हा अंधारले होते. बुटांच्या नाड्या सोडत ते म्हणाले, "असू दे, पुढच्या वेळी." वडील एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत.

या दिवाळीत मी रजा टाकली, तेव्हा चालू कामांची यादी करून शेजारच्या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि खाली सही मागितली. "हे काय नवीन?" तो म्हणाला. "जुनंच आहे," मी म्हणालो. त्याने सही केली आणि जाता जाता विचारले, "डिसेंबरात माझा चार्ज घेशील?"