खांबापासून घरापर्यंत

वर्गाच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा असेल, तर एक छोटासा प्रयोग करून पाहा. दोऱ्याचे एक टोक चंद्रपूरवर धरून दुसरे टोक मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत न्या. मग तोच दोरा चंद्रपूरहून भामरागडपर्यंत ताणा. दुसरे अंतर पहिल्याच्या पाव भागाइतकेही भरणार नाही. सरळ रेषेत ते सुमारे दीडशे किलोमीटर आहे. १९९९ च्या सुमारास चंद्रपूरची वीज उच्चदाब एकदिश प्रवाहाच्या ७५२ किलोमीटर लांब वाहिनीने पडघ्याला जाऊ लागली. त्या काळात भामरागड-एटापल्लीकडच्या कित्येक टोल्यांत मात्र रॉकेलची चिमणीच जळत होती. असे का झाले? याचे निम्मे उत्तर विज्ञानात आहे आणि निम्मे इतिहासात.

कोळसा, पाणी आणि जंगल

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्यांत वीज मंडळे स्थापन करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानुसार १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. खेड्यापाड्यांतील लोक त्याला नुसते 'बोर्ड' म्हणत. चंद्रपूरजवळ कोळशाच्या खाणी होत्या. पाण्यासाठी इरई नदीवर धरण झाले. १९८३ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. जुने दोन संच पुढे बंद होऊनही आज या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. त्याची किंमत परिसराने मोजली. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली.

पहिला संच सुरू होण्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला होता. त्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. विजेशी या जिल्ह्याची एक मोठी गाठ पडली ती दिव्यातून नव्हे, धरणांतून. इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली येथे जलविद्युत प्रकल्प उभारण्याचे घाटत होते. त्यांत आदिवासींची गावे आणि जंगल बुडणार होते. १९८४ मध्ये बाबा आमटे यांच्या पुढाकाराने 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले. ते प्रकल्प मागे पडले. वीज कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवर, हा प्रश्न या भागातील लोकांनी घरात दिवा येण्याआधीच विचारला होता.

तार लांब, दिवे थोडे

आता विज्ञानाकडे वळू. समजा, एका टोल्यात वीस घरे आहेत आणि प्रत्येक घरात ६० वॅटचा एक दिवा. एकूण मागणी १,२०० वॅट. ही वीज २३० व्होल्ट दाबाने नेली, तर तारेतून सुमारे ५ अँपिअर प्रवाह वाहील. दाब ११,००० व्होल्ट केला, तर प्रवाह साधारण ०.१ अँपिअरवर येतो. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे त्याच तारेत ही हानी सुमारे २,३०० पटींनी कमी होते. म्हणूनच वीज गावापर्यंत ११ हजार व्होल्टने आणतात आणि वेशीवरच्या रोहित्रात, म्हणजे लोकांच्या भाषेतील 'डीपी'त, तिचा दाब उतरवतात.

तांत्रिक अडचण अशी सुटते. हिशेबाची सुटत नाही. खांब, तारा आणि रोहित्र यांचा खर्च वीस घरांच्या बिलातून कसा निघणार? मुंबईसाठी दीड हजार मेगावॅट नेणारी वाहिनी स्वतःचा खर्च भरून काढू शकते. टोल्याची वाहिनी समाजाने ठरवले तरच उभी राहते.

'विद्युतीकरण' म्हणजे काय?

समाजाने काय ठरवले, हे एका व्याख्येच्या इतिहासात दिसते. १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली, की ते गाव 'विद्युतीकृत' धरले जाई. शिवारात एक पंप चालला तरी पुरे! १९९७ मध्ये वीज वस्तीत वापरात असावी अशी अट आली. २००४ च्या व्याख्येने शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज आणि किमान १० टक्के घरांत जोडणी आवश्यक ठरवली. तरीही शंभरातील नव्वद घरे अंधारात असताना गाव कागदावर उजळलेले असू शकत होते. प्रत्येक घर मोजण्याचे उद्दिष्ट देशपातळीवर आले ते २०१७ च्या 'सौभाग्य' योजनेत. तार नेणे अवघड अशा काही वस्त्यांसाठी सौरदिव्यांचा मार्ग घेतला गेला.

लाईनमन आणि ग्रामसभा

२००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम 'महावितरण'कडे आले. लाईनमनला 'जनमित्र' असे नाव मिळाले. काम मात्र तेच राहिले. जंगलातील वाहिनीला वादळात फांद्या घासतात, वीज पडून चिनीमातीचे इन्सुलेटर फुटतात. दोष कोठे आहे हे खांबामागून खांब पाहत शोधावे लागते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. खांबावर चढण्याआधी उपकेंद्रातून वाहिनी बंद केल्याचे 'परमिट' घ्यायचे, तार मृत आहे याची खात्री करायची आणि ती जमिनीशी जोडायची. यांतील एक पायरी चुकली तर माणूस जातो.

जंगलातून तार नेताना दुसरा पक्ष असतो गावाचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गावाच्या सोयीसाठी, वीजवाहिनीसाठीसुद्धा, एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. हेक्टरी ७५ पर्यंतच झाडे तोडता येतात आणि त्याला ग्रामसभेची शिफारस लागते. वाहिनीखाली सात मीटरची पट्टी धरली, तर सुमारे १,४३० मीटरमध्येच एक हेक्टर संपतो. म्हणून वाहिनीचा मार्ग आखताना कोणते मोहाचे झाड वाचवायचे आणि तार कोठून वळवायची, हे गावाला विचारण्याला महत्त्व आहे. मोहाचे झाड म्हणजे त्या घराचे उत्पन्न असते.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना घरातील वडीलधाऱ्यांकडून माहिती काढायला सांगा : आपल्या गावात पहिला खांब कोणत्या वर्षी आला? पहिला दिवा कोठे लागला – पाटलाकडे, देवळात की शाळेत? शेवटच्या घरात तो कधी पोचला? ही तीन उत्तरे फळ्यावर लिहा आणि पहिल्या व शेवटच्या दिव्यातील वर्षे मोजा. तेवढा आकडा तुमच्या गावच्या विजेच्या इतिहासाबद्दल केंद्राच्या मेगावॅटपेक्षा अधिक काही सांगेल.