टर्बोचा दाब : बूस्ट आणि एक्झॉस्टचे गणित

चादरींचे शहर ही सोलापूरची ख्याती. मोटारउद्योगाला मात्र हे शहर कॅमशाफ्टमुळे ठाऊक आहे. १९९२ मध्ये येथे स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशविदेशांतील मोटार उत्पादकांना हा भाग पुरवत आली आहे. इंजिनाच्या झडपा केव्हा उघडाव्यात आणि किती वेळ उघड्या राहाव्यात, हे कॅमशाफ्ट ठरवितो. टर्बो इंजिनाचा दाब जुळविताना ही वेळ कळीची ठरते.

टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये घेतले. इंजिनातून निघणारा जळालेला वायू टर्बाइन फिरवितो आणि त्याच आसावरील कॉम्प्रेसर ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. वातावरणाहून अधिक असलेला हा दाब म्हणजे बूस्ट. वाया जाणाऱ्या वायूवर मिळते म्हणून ही शक्ती फुकटची, असा समज आहे. तो खरा नव्हे. टर्बाइन वायूची वाट अडविते आणि इंजिन व टर्बाइन यांच्यामध्ये दाब साचतो. बूस्टचा काटा हा दाब दाखवीत नाही.

बूस्ट एक बार आणि एक्झॉस्टचा दाब दोन बार असेल, तर पिस्टनला तो वायू जोर लावून बाहेर ढकलावा लागतो. दोन्ही झडपा क्षणभर एकत्र उघड्या असताना तप्त वायू उलट इनटेककडे शिरतो. ताज्या हवेची जागा घटते, नॉकिंग सुरू होते आणि प्रसंगी पिस्टनच फुटतो. म्हणूनच एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही धातूच्या लांब बारीक नळीने वेगळा गेज जोडावा. बूस्ट वाढवूनही शक्ती वाढत नसेल, तर दोष बहुधा येथेच सापडतो. टर्बाइनचे मोठे हाउसिंग हा दाब उतरविते. पण मग टर्बो उशिरा जागा होतो. झडपा एकत्र उघड्या राहण्याचा काळ कमी असलेला कॅमशाफ्ट, हा दुसरा उपाय.

केवळ रुंद सायलेन्सर बसविला, बाकी काही छेडले नाही, असे अनेक हौशी मालक सांगतात. टर्बाइननंतरची वाट मोकळी झाली की टर्बाइन अधिक वेगाने फिरते. जादा वायू वळविणारा वेस्टगेट अपुरा पडला, तर बूस्ट आपोआप चढतो. त्यामुळे वेस्टगेटच्या स्प्रिंगच्या मूळ दाबापासून आरंभ करून प्रत्येक वेळी ०.१ बारच वाढवावा आणि इंधनाचे मिश्रण व नॉकिंग तपासूनच पुढे जावे. नोंदणी पुस्तिकेतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

सोलापुरात उन्हाळ्याचा प्रश्न वेगळाच. हवेचा दाब दुप्पट केला आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर २५ अंशांची हवा सुमारे ११८ अंशांवर जाते. ४३ अंशांची १४० च्या पुढे. इंटरकूलरही भोवतालच्या त्याच तापलेल्या हवेवर चालतो. डिसेंबरच्या पहाटे जुळविलेला बूस्ट मे महिन्याच्या दुपारी इंजिनाला पेलेलच असे नाही; अखेरची चाचणी उन्हाळ्यातच घ्यावी.